नॉमिनी आणि वारस

हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळे होऊन जिल्हा झाले. अंमल बदलले, सूरह निसातले हिस्से बदलले नाहीत. आज इथल्या नोकरदाराची मोठी मिळकत म्हणजे भविष्य निर्वाह निधी. त्याच्या अर्जावर ज्याचे नाव तोच मालक, असे आपण धरून चालतो. २००९ मध्ये शिप्रा सेनगुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा समज खोडला : नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. तिथे नाव सासूचे होते, तरी विधवेला वाटा मिळाला. खटला हिंदू कुटुंबातला, धडा आपल्यालाही. दफनखर्च, मेहरसह कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसियत वजा जाता, मुले असल्यास पत्नीचा आठवा हिस्सा, मुलाच्या निम्मा मुलीचा. तेवढाही बहिणींकडून आपण ‘माफ’ करून घेतो. नॉमिनी हा अमानतदार आहे. अमानतीत खयानत नको.