पाताळातून उपसलेलं गाव

आधी भुयार आलं, गाव मागाहून. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ आवारात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहायला घेतला. रोग म्हणजे इथे भामटा. पडद्यावर चित्र असं नाहीच. ठिपक्यांची जमीन, रेघांच्या भिंती, ॲट-द-रेटचं चिन्ह म्हणजे आपण आणि इंग्रजी मोठी अक्षरं म्हणजे राक्षस. 'डी' दिसला की ड्रॅगन, 'झेड' दिसला की चालतं प्रेत. टॉय पुढे बर्कलीला गेला, तिथे त्याला केन अर्नल्ड भेटला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवण्याची 'कर्सेस' ही सोय अर्नल्डनंच रचलेली. खेळाची खरी करामत अशी की भुयार दर वेळी नव्यानं आखलं जायचं, त्यामुळे काल पाठ केलेली वाट आज कामाची नाही. आणि मेलात की मेलात. सोनं, तलवार, चिलखत सगळं गेलं, पुन्हा श्रीगणेशा.

या भुयाराच्या वर काहीच नव्हतं. नायक राहतो कुठे, सोनं कुणासाठी उपसतो, याची खेळाला फिकीर नव्हती. सोनं म्हणजे निव्वळ गुण. १९८३ साली ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट कोनेके यानं 'रोग'च्याच धर्तीवर 'मोरिया' लिहिला आणि भुयाराच्या तोंडाशी वस्ती बसवली. सहा दुकानं: वाणसामान, चिलखतं, शस्त्रं, देऊळ, औषधं, जादूच्या वस्तू. लुटीला गिऱ्हाईक मिळालं, पण हा बाजार होता, गाव नव्हे. १९९६-९७च्या सांध्यावर आलेल्या 'डायब्लो'तलं ट्रिस्ट्रम याच वळणाचं. वैदू, लोहार, चेटकीण आपापल्या जागी उभे. तुम्ही तळाशी काय वाटेल तो पराक्रम करा, वर एक वीट इकडची तिकडे होत नाही.

वीट हलवली ती जपान्यांनी. डिसेंबर १९९०मध्ये सुपर फॅमिकॉम हे यंत्र नवंकोरं असतानाच 'ॲक्टरेझर' आला. तो बनवला क्विंटेट या कंपनीनं. दिग्दर्शक मासाया हाशिमोतो आणि लेखक तोमोयोशी मियाझाकी ही जोडी आधी फाल्कममध्ये 'ईस' मालिकेवर काम करून आलेली. आदल्याच वर्षी अमेरिकेत 'सिमसिटी' आणि इंग्लंडात 'पॉप्युलस' निघाले होते, म्हणजे वरून खाली बघत वस्त्या वसवण्याची हौस हवेतच होती. 'ॲक्टरेझर'मध्ये तुम्ही देव. आधी मूर्तीत संचार करून, तलवार उपसून राक्षस मारायचे, मग ढगात परतून त्याच प्रदेशात एक जोडपं उतरवायचं आणि त्यांचा संसार वाढवायचा. वाळवंटावर पाऊस पाडायचा, दलदल सुकवायला ऊन, रान साफ करायला वीज. लोक घरं बांधत, रस्ता पुढे नेत राक्षसांच्या बिळांपर्यंत पोचतात आणि ती बुजवतात. लोकसंख्या वाढली की देवाची ताकद वाढते, आणि पुढच्या लढाईत ती कामी येते. गाव आणि लढाई एकमेकांच्या पायात अशी गुंतवण्याची शक्कल इतक्या नेटकेपणानं आधी कुणी लढवली नव्हती.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. सुरुवातीची घरं म्हणजे झोपड्या, त्यांत माणसं मावतात थोडी. प्रगती झाल्यावर लोकांना मोठी घरं बांधता येतात, पण जुन्या झोपड्या जागा अडवून बसलेल्या असतात. म्हणून सराईत खेळाडू आपल्याच भक्तांच्या घरांवर वीज पाडतो किंवा भूकंप घडवतो, म्हणजे त्या जागी ऐसपैस घरं उभी राहतात. मुंबईतल्या चाळींच्या पुनर्विकासाहून ही योजना वेगळी ती इतकीच, की इथे कुणाची संमतीपत्रं लागत नाहीत.

हा खेळ विकला गेला, आणि तरीही १९९३च्या दुसऱ्या भागात गाव वसवणं काढून टाकलं. उरली नुसती तलवार. लोकांना तो भाग आवडला नाही यात नवल काय? दरम्यान क्विंटेटनंच १९९२मध्ये 'सोल ब्लेझर'मध्ये उलटा प्रयोग केला होता. इथे गाव आधीच उजाड आहे आणि गावकऱ्यांचे जीव राक्षसांच्या बिळांत अडकलेत. एक बीळ मोकळं केलं की वर कुणी म्हातारा परततो, कधी एखादं झाड, कधी कुत्रं. पुढच्या सगळ्या घराण्याचं बीज इथेच पडलं असं मी मानतो, कारण भुयारातून बाहेर येतं ते सोनं नाही, शेजारी येतो.

१९९३ सालीच कोइची नाकामुरा यांच्या चुनसॉफ्टनं 'रोग'ला जपानी कपडे चढवले. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधला पोट सुटलेला व्यापारी तोर्नेको गूढ भुयारात उतरतो, जे हाती लागेल ते घेऊन वर येतो आणि पैसे साठतील तसतसं त्याचं दुकान थाटात वाढतं. (बायकोचं नाव नेने. कोकणाशी संबंध नाही.) १९९७मध्ये कोनामीच्या 'अझ्युअर ड्रीम्स'नं दुकानाचं नगर केलं. चाळीस मजली मनोऱ्यात चढायचं, तिथली कमाई गावात ओतायची, मग गावात नाट्यगृह येतं, ग्रंथालय येतं, बोलिंगची गल्लीसुद्धा येते. मनोऱ्यातून बाहेर पडलं की नायक पुन्हा पहिल्या पायरीवर. टिकतं ते माणसाळवलेल्या राक्षसांचं बळ आणि गावातलं बांधकाम. आपल्याकडच्या शहरी घरांत त्या दशकात टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' चालायचे. या जपानी घराण्याशी आपली ओळख फार उशिरा झाली.

मग आला 'डार्क क्लाउड'. अकिहिरो हिनो यांनी १९९८मध्ये फुकुओकात लेव्हल-फाइव्ह काढली, आणि १४ डिसेंबर २०००ला कंपनीचा हा पहिला खेळ प्लेस्टेशन-२वर विक्रीला आला. यंत्र बाजारात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गोष्ट अशी: नोरुन नावाच्या खेड्यात उत्सवाची रात्र आहे आणि काळा जिन्न येऊन सगळं उद्ध्वस्त करतो. पण परीराजानं शेवटच्या क्षणी घरं, माणसं, झाडं 'अटला' नावाच्या गोळ्यांत बंद करून वाचवलेली असतात. ते गोळे जमिनीखालच्या गुहेत विखुरलेत. तोआन नावाच्या पोराला ते वर आणायचेत.

गुहेचा एकेक मजला म्हणजे आकड्यांच्या फाशांनी पाडलेल्या खोल्या. कुठल्या तरी एका राक्षसाकडे खालच्या दाराची किल्ली असते. तो सापडेपर्यंत पाण्याचा साठा आटत जातो, आणि तहान लागली की जीवही झिजू लागतो. तलवार झिजते ती वेगळीच. डागडुजीची पूड वेळेवर वापरली नाही तर शस्त्र तुटून कायमचं जातं, मग त्यावर किती तास खर्च केलेत ते विचारू नये. या सगळ्यात जमिनीवर चमकणारा गोळा दिसतो. हात लावला की कळतं, आज झाड मिळालं. किंवा पूल. किंवा कुणाच्या तरी घराचा सांगाडा, ज्यातलं सामान अजून दोन मजले खाली आहे आणि घरमालक त्याहून खाली.

वर आल्यावर हे तुकडे उजाड माळावर मांडायचे. नदी कशी वळवायची, रस्ता कुठून न्यायचा हे तुम्ही ठरवता. घर, त्यातलं सामान आणि माणूस अशी जुळणी पूर्ण झाली की माणूस बोलू लागतो, आणि बोलू लागला की मागण्या सुरू. कुणाला नदीकाठ हवा, कुणाला अमकाच शेजारी हवा. सगळ्यांचं समाधान होईल अशी मांडणी एखाद्या कोड्यासारखी सोडवावी लागते. एकाचं घर सरकवलं की दुसऱ्याचं बिनसतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ढगातून मांडलेल्या त्याच गावात लगेच पायी उतरता येतं. आत्ता ठेवलेलं दार ढकलून आत जाता येतं. 'ॲक्टरेझर'च्या देवाला हे सुख नव्हतं, वसवलेल्या गावापुरता तो कायम वरच.

त्या वेळच्या समीक्षकांनी गुहा कंटाळवाण्या आहेत म्हटलं, ते बरोबरच आहे. त्याच भिंती, तीच दालनं. माझा तर्क असा की नव्या, लहान कंपनीला शेकडो खोल्या हातानं रचणं परवडणारं नव्हतं, आणि 'रोग'ची युक्ती फुकटात हाताशी होती. पण खाली एकसुरीपणा असल्यामुळेच वर येऊन घरं लावण्याचा विसावा गोड लागतो. २००२च्या 'डार्क क्रॉनिकल' या पुढच्या भागात गुहाही सुधारल्या आणि कल्पनाही मोठी झाली. तिथे गाव वर्तमानात बसवायचं आणि शंभर वर्षं पुढे जाऊन त्याचं काय झालं ते बघायचं.

नंतरच्या पिढीबद्दल मी जरा कुरकुरणार आहे. २०१६च्या 'डार्केस्ट डंजन'मधलं खेडं अप्रतिम काळंकभिन्न आहे, पण ते मुळात इस्पितळ आणि गुत्ता: भेदरलेले लढवय्ये दुरुस्त करण्याची जागा. २०१८च्या स्पॅनिश 'मूनलायटर'मध्ये रात्री भुयार, दिवसा दुकान. पैसे टाकले की गावात लोहार येतो. दोन्ही उत्तम खेळ, पण गाव पुन्हा 'मोरिया'च्या बाजारापाशी गेलं. याद्या, किमती, पुढची पायरी. ऑस्ट्रेलियातून आलेल्या 'कल्ट ऑफ द लॅम्ब'नं (२०२२) मात्र जुनं सूत्र पकडलं. भुयारातून सोडवून आणलेले जीव तुमच्या वस्तीत राहतात, त्यांना रांधून घालावं लागतं, त्यांची घाण काढावी लागते, आणि ते म्हातारे होऊन मरतातही.

मे २०२५मध्ये लेव्हल-फाइव्हनं 'फँटसी लाइफ आय' आणला. त्यात माणसं वस्तू होऊन पडलेली आहेत. भुयारांमधून ती शोधून आणायची, पुन्हा माणूस करायची आणि बेटावर त्यांना घर बांधून द्यायचं. बेट अर्थातच वर्तमानातलं आहे.