सर्व्हो मोटर : सांगकाम्या चाकर आणि विश्वासू चाकर

चाकर ठेवतांना त्याचे दंड किती पिळदार आहेत एवढेंच पाहणारा धनी बहुधा फसतो. पाणी भरावयास बळ हवें हें खरें; पण सांगितलेलें काम झालें कीं नाहीं हें स्वतः पडताळून पाहणारा, राहिलें असल्यास पुन्हा हात घालणारा आणि झाल्यावर थांबणारा चाकर नुसत्या बळवंतापेक्षां अधिक मोलाचा असतो. माणसांच्या बाबतींत जुना असलेला हा अनुभव यंत्रांच्या बाबतींत मनुष्याला फार उशिरां आला. तो आला तो आगबोटीच्या सुकाणूपाशीं. आज अभ्यासाच्या टेबलावर मुलें जे लहानसे यंत्रमानव जुळवीत असतात, त्यांच्या सांध्यांत त्याच अनुभवाचें फळ बसविलेलें असतें. त्याचें नांव सर्व्हो मोटर. ‘सर्व्हो’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थच दास किंवा चाकर असा आहे.

‘ग्रेट ईस्टर्न’ हें ब्रूनेल या इंग्रज अभियंत्याच्या योजनेनें बांधलेलें लोखंडी जहाज १८५८ सालीं पाण्यांत उतरलें. त्याची लांबी ६९२ फूट. एवढें मोठें जहाज तोंपर्यंत जगांत झालें नव्हतें. १८६१ च्या सप्टेंबर महिन्यांत शेंकडों उतारू घेऊन अटलांटिक महासागरांतून जात असतां तें वादळांत सांपडलें. दोन्ही बाजूंचीं प्रचंड चाकें मोडलीं, सुकाणूचा दांडा तुटला, आणि जगांतील सर्वांत मोठें जहाज लाटांवर ओंडक्यासारखें लोळूं लागलें. उतारूंमध्यें टाऊल नांवाचा एक अमेरिकन अभियंता होता. त्यानें तुटक्या दांड्याला साखळदंड गुंडाळून सुकाणू कसेंबसें ताब्यांत आणलें, तेव्हां कोठें जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास परत लागलें. जहाज किती बलाढ्य आहे हा प्रश्न अभिमानाचा. पण त्याचें सुकाणू आज्ञा पाळतें कीं नाहीं हा प्रश्न जिवाचा, ही गोष्ट त्या वादळानें शिकविली.

दांडा शाबूत असला तरी एवढ्या जहाजाचें सुकाणू वळविणें हें एकट्या माणसाचें काम नव्हे. खवळलेल्या समुद्रांत अनेक खलाशांना चाकाशीं झुंजावें लागे. तेथें वाफेचें यंत्र जोडावें ही कल्पना कोणासही सुचण्याजोगी होती. अडचण निराळीच होती. झडप उघडली कीं यंत्र चालूं लागे, आणि ती मिटेपर्यंत चालतच राही. सुकाणू पांचच अंश वळवावयाचें असेल, तर झडप नेमकी केव्हां मिटावी? चाकापाशीं उभ्या असलेल्या माणसाला पाण्याखालचें सुकाणू दिसत नाहीं, आणि यंत्राला तर डोळेच नाहींत. ‘पाणी ओत’ म्हटल्यावर घागर भरून वाहूं लागली तरी ओतीतच राहणारा असा हा सांगकाम्या चाकर होता.

यावर जॉन मॅकफार्लेन ग्रे या अभियंत्यानें उपाय शोधला आणि १८६६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या रचनेंत चाक फिरवितांच वाफेची झडप उघडे. पण सुकाणू जसजसें वळे, तसतशी त्याचीच हालचाल ती झडप मिटवीत येई. चाकानें मागितलें तितकें सुकाणू वळलें कीं झडप आपोआप बंद! लाटेनें सुकाणू ढकललें तर झडप पुन्हा उघडे आणि यंत्र त्याला परत जागेवर आणी. काम करणाऱ्यानेंच आपल्या कामाची वर्दी द्यावी, आणि त्या वर्दीवरून पुढील काम ठरावें, हें या युक्तीचें सार. हें यंत्र लवकरच ग्रेट ईस्टर्नवर बसलें आणि एवढें मोठें जहाज एकटा खलाशी हांकूं लागला. १८७० सालीं हेंच जहाज मुंबईस आलें आणि मुंबईपासून एडनपर्यंतची समुद्रांतील तार त्यानें टाकली.

याच सुमारास फ्रान्समध्यें जोसेफ फार्को हा अभियंता त्याच तत्त्वावर यंत्रें घडवीत होता. १८७३ सालीं त्यानें या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलें आणि अशा यंत्रास ‘सर्व्हो-मोतर’ हें नांव दिलें. पुढें १९२२ सालीं निकोलस मिनॉर्स्की यानें कसलेले खलाशी सुकाणू कसें धरतात याचें निरीक्षण करून त्यांच्या कौशल्याला गणिताचें रूप दिलें. चांगला खलाशी जहाज किती चुकलें एवढेंच पाहत नाहीं. तें किती वेगानें चुकत आहे हेंही ओळखतो, आणि वेळेआधींच हात सैल सोडतो. १९३४ सालीं अमेरिकेंत हॅरल्ड हेझन यानें सर्व्हो-यंत्रांचें शास्त्र एका निबंधांत मांडलें. अशा रीतीनें खलाशाच्या हातांतील कसब शास्त्रज्ञाच्या वहींत आलें.

हौशी लोकांच्या हातीं तें येण्यास मात्र आणखी कांहीं काळ लागला. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी संदेशानें चालणारी लहान नौका लोकांना दाखविली होती. १९३७ सालीं वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनीं बिनतारी हुकमतीचें छोटें विमान उडविलें. परंतु त्या काळच्या हौशी विमानांतील सुकाणू बहुधा पिळलेल्या रबराच्या जोरावर चाले. एका इशाऱ्यास तें एका बाजूस जाई, दुसऱ्यास दुसऱ्या. ‘थोडेंसें वळ’ असें त्याला सांगतांच येत नसे. १९६० नंतरच्या दशकांत ट्रान्झिस्टरांच्या साह्यानें ही उणीव दूर झाली, आणि काठी जितकी कलवावी तितकेंच सुकाणू वळूं लागलें. विमानासाठीं घडलेली हीच लहान मोटर पुढें यंत्रमानवांच्या सांध्यांत शिरली.

तिच्या पेटींत चार वस्तू असतात : एक चिमुकली विजेची मोटर, तिचा वेग कमी करून बळ वाढविणारीं दांतेरी चक्रें, आस किती फिरला हें सांगणारा पोटेन्शिओमीटर, आणि हुकूम व वर्दी यांची तुलना करणारी मंडलपट्टी. बाहेर तीन तारा येतात. दोन विजेच्या, एक हुकमाची. हुकमाच्या तारेवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला एक, याप्रमाणें विजेचे ठोके येतात. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर आसानें मध्यावर राहावें. एका मिलिसेकंदाच्या बाजूस आंखडला तर एकीकडे, दोनच्या बाजूस लांबला तर दुसरीकडे वळावें, असा संकेत आहे. ग्रेची झडप आणि ही पट्टी यांचें काम एकच. वाफेच्या जागीं वीज आली इतकेंच.

हा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे मोटर निवडणें सोपें होतें. दुकानच्या पत्रकांत बळाचा आंकडा ठळक असतो. नऊ ग्रॅम वजनाच्या एसजी ९० या सुपरिचित नमुन्यावर तो ४.८ व्होल्टांस १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर असा दिलेला असतो. याचा अर्थ, आसापासून दहा सेंटिमीटरांवर १८० ग्रॅम वजन टांगलें कीं मोटर जागच्या जागीं थबकेल. हें तिच्या शक्तीचें टोंक आहे, रोजचें काम नव्हे. बैलाकडून तो कोलमडेल एवढें ओझें कोणी नित्य ओढवीत नाहीं; म्हणून त्या आंकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर हिशेब बसवावा, आणि यंत्रहस्ताचें स्वतःचें वजनही त्यांत धरावें.

नंतर चक्रें पाहावींत. प्लॅस्टिकचीं हलकीं व कमी आवाजाचीं, पण धक्का बसतांच दांते गमावणारीं. धातूचीं धक्का सोसणारीं, पण जड, आणि झिजल्यावर सैल पडणारीं. ज्या सांध्यावर पाय आपटणार तेथें धातू, जेथें नुसती मान डोलवावयाची तेथें प्लॅस्टिक पुरे. आस गोळ्यांच्या बेअरिंगवर बसविलेला असेल तर अधिक चांगलें. आसाच्या टोंकावरील दांते निरनिराळ्या कारखान्यांत २३, २४ किंवा २५ असे असतात. एकाचा हात दुसऱ्यावर बसेलच असें नाहीं.

पुष्कळदां दोष चाकराचा नसतो, त्याच्या शिधासामग्रीचा असतो. थबकलेली लहान मोटरही अर्ध्या अँपिअरहून अधिक वीज मागूं शकते. संगणकाच्या साध्या यूएसबी खोबणींतून अर्धा अँपिअरच मिळतो. चार मोटरी एकदम उठल्या कीं विजेचा दाब पडतो आणि हुकूम देणारी पट्टीच बंद होऊन पुन्हा सुरू होते. म्हणून मोटरींस स्वतंत्र बॅटरी द्यावी आणि दोन्हीकडील ऋण तारा मात्र एकत्र जोडाव्या.

खरी कसोटी प्रामाणिकपणाची. दहा मोटरी घेण्यापूर्वीं एकच आणावी. तिच्या आसावर लांब काडी बसवून खालीं कागद ठेवावा. एकच हुकूम एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून येऊन पाळावयास लावावा, आणि दोन्ही वेळीं पेन्सिलीनें खूण करावी. दोन खुणांमधील अंतर हेंच तिच्या वचनांतील अंतर. मग बेतशीर ओझें देऊन तासभर चालवावी, आणि पुन्हा खुणा कराव्या. स्थिर उभी असतां ती थरथरत असेल, तर पोटेन्शिओमीटर खोटी वर्दी देत असण्याचा संभव धरावा. वर्दीच खोटी झाली कीं बळ कितीही असो, व्यर्थ होय.

एक मर्यादा मात्र विसरूं नये. साधी सर्व्हो मोटर वर्दी घेते ती स्वतःपुरती. धन्याला ती कांहींच कळवीत नाहीं. हात अडकला तरी हुकूम देणारा कार्यक्रम काम झालें असेंच समजतो. कोरियांतील रोबोटिस कंपनीच्या डायनामिक्सेलसारख्या कांहीं मोटरी आपली जागा, आपल्यावरील भार आणि आपली उष्णता हीं सर्व धन्याला कळवितात. त्यांचें मोल अर्थातच अधिक पडतें.

चार पैसे वाचविण्यासाठीं आणलेली बेइमान मोटर पैशांहून मोठें नुकसान करते. रात्र रात्र जागून कार्यक्रम लिहिलेल्या मुलाचा यंत्रहस्त थरथरूं लागतो, तेव्हां तो मोटरीवर संशय घेत नाहीं. स्वतःच्या बुद्धीवर घेतो. बरोबर लिहिलेलें खोडतो, पुन्हा लिहितो, आणि अखेरीस हा विषय आपल्या आवांक्याबाहेरचा आहे असें ठरवून पेटी माळ्यावर टाकतो. कागद, काडी आणि पेन्सिल यांनीं एका संध्याकाळीं घेतलेली परीक्षा त्याला यांतून वांचवूं शकते. चाकराची पारख झाली असली, म्हणजे चूक कोणाची हें शोधतांना मुलगा निदान एका बाजूनें तरी निर्धास्त असतो.