थेट परकीय गुंतवणुकीतील घट (भारत)

परदेशी कंपनीने कारखाना उभारण्यासाठी किंवा उद्योगात टिकाऊ मालकी घेण्यासाठी आणलेले भांडवल म्हणजे थेट परकीय गुंतवणूक. ती घटते याचे दोन अर्थ होतात : नवा पैसा कमी येणे, किंवा आलेला पैसा परत जाणे. चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते आणि ती टाळायलाच हवी. २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ८१ अब्ज डॉलर आले, आधीच्या वर्षापेक्षा जास्तच. तरी निव्वळ आकडा, म्हणजे आलेल्या पैशातून बाहेर गेलेला वजा केल्यावर उरणारा, १ अब्ज डॉलरच्याही खाली गेला. परकीय गुंतवणूकदारांनी भागविक्रीतून ५० अब्जांहून अधिक रक्कम बाहेर नेली, शिवाय भारतीय कंपन्यांनीही परदेशात मोठी गुंतवणूक केली. ऑक्टोबर २०२४ मधील ह्युंदाई मोटर इंडियाची २७,८७० कोटी रुपयांची भागविक्री पाहा : सगळे शेअर कोरियातील मूळ कंपनीचे होते, त्यामुळे भारतीय कंपनीच्या तिजोरीत त्यातून एक रुपयाही आला नाही. तेजीतल्या बाजारात नफा पदरात पाडून घेणे स्वाभाविक आहे. तोच पैसा इथे पुन्हा गुंतवावासा का वाटत नाही, हा खरा प्रश्न.

अमेरिकेतील चढे व्याजदर हे त्याचे बाहेरचे कारण. घरची कारणे अधिक जुनी आहेत : रेंगाळणारे भूसंपादन, लांबणारे खटले, बदलते नियम. व्होडाफोन या दूरसंचार कंपनीच्या करविषयक प्रकरणानंतर २०१२ मध्ये आणलेला पूर्वलक्षी, म्हणजे मागील व्यवहारांनाही लागू होणारा, कर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. विश्वासाला बसलेला तडा मात्र इतक्या सहज सांधत नाही.