लूज, बेथेल, बैतीन

भावाच्या रागाला भिऊन याकोब बैर-शेब्याहून हारानच्या वाटेला लागला. दिवस मावळला तसा एक धोंडा उशाला घेऊन तो उघड्यावरच आडवा झाला. स्वप्नात त्याला आभाळाला टेकलेली शिडी दिसली, तिच्यावर चढ-उतार करणारे देवदूत दिसले. पहाटे उठून त्याने तोच धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि जागेला बेथेल म्हटले. हिब्रूत ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा लेखक तिथेच नोंदवतो, की या नगराचे आधीचे नाव लूज होते. ही नोंद मला फार मोलाची वाटते. नवे नाव सांगताना त्याने जुने पुसले नाही. शिवाय ‘एल’ हे कनानी देवमंडळातल्या थोरल्या देवाचेही नाव, त्यामुळे हे देवघर याकोबाच्या कथेहून जुने असणे सहज शक्य आहे.

लूज म्हणजे बदाम. या नावाची पुढची हकिकत शास्त्यांच्या पुस्तकात येते. योसेफाच्या घराण्याने नगर घेतले, तेव्हा आत शिरायची वाट दाखवणाऱ्या एका माणसाला त्यांनी कुटुंबासह जिवंत सोडले. तो हित्ती लोकांच्या देशात गेला, तिथे नवे गाव वसवले आणि त्याला नाव दिले लूज. गाव शत्रूच्या हाती देणाऱ्यालाही त्याचे नाव सोडवले नाही.

बेथेलच्या नावावर पुढे डागही पडला. उत्तरेच्या राज्याचा पहिला राजा यराबाम याने तिथे सोन्याचे वासरू बसवले. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात होशेय संदेष्ट्याने त्या जागेला रागाने बेथ-आवेन म्हटले, म्हणजे अधर्माचे घर. ‘बेथ’ तसेच ठेवले, त्यातला देव तेवढा काढून घेतला.

ही सगळी नावे आपल्यापर्यंत ग्रंथाने आणली. जागा मात्र राखल्या त्या ग्रंथ न वाचणाऱ्यांनी. १८३८ मध्ये अमेरिकी अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन आणि बैरुतमध्ये राहून अरबीत मुरलेले मिशनरी एली स्मिथ यरुशलेमच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात फिरले. यात्रेकरूंना मठवासी ज्या जागा दाखवत, त्यांवर रॉबिन्सनचा भरवसा नव्हता. तो शेतकऱ्यांना, मेंढपाळांना गावांची नावे विचारी. अनाता ऐकले की अनाथोथ, मुखमास ऐकले की मिखमाश, जबा ऐकले की गेबा. बैतीन हे बेथेलच, असेही त्याने मांडले. शेवटच्या ‘ल’चा ‘न’ कसा झाला? इज्रेलचे गावकरी नाव झरीन होते, तिथेही हाच पालट झाला होता. चौथ्या शतकात युसेबियस या ख्रिस्ती लेखकाने बेथेल यरुशलेमपासून नाब्लसच्या वाटेवर १२ रोमन मैलांवर असल्याचे लिहून ठेवले होते. तेही अंतर जुळले.

नुसत्या उच्चाराच्या जुळणीवर किती विसंबायचे, हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शेजारच्या अल-जिब गावाने दिले. रॉबिन्सनने त्याला बायबलमधले गिबोन ठरवले होते, पण सगळ्या विद्वानांना ते पटले नव्हते. १९५६ मध्ये जेम्स प्रिचर्डने तिथे खोदकाम सुरू केले. खडकात कोरलेला एक प्रचंड गोल हौद निघाला. त्याच्या भिंतीलगत वळत जाणाऱ्या ७९ पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. हौद भरावाने बुजलेला होता आणि त्या भरावात मडक्यांचे तुटलेले कान सापडले. अशा कितीतरी कानांवर जुन्या हिब्रू लिपीत ‘गिबोन’ कोरले होते. काहींवर हनन्या, अजऱ्या अशी माणसांची नावेही होती. जवळच खडकात खोदलेली द्राक्षारसाची तळघरे मिळाली, म्हणजे ही मडकी बहुधा त्याच व्यापारातली.

बैतीनच्या मातीत गावाचे नाव सांगणारा असा लेख मिळालेला नाही. काही अभ्यासक आजही बेथेल दुसरीकडे शोधतात. बहुतेकांना बैतीन मान्य आहे, ते युसेबियसच्या मैलांवर, उत्खननात दिसलेल्या प्राचीन वस्तीवर आणि गावकऱ्यांनी सांगितलेल्या त्या नावावर.