वसईचा पाषाण

दहिसरहून महामार्गाने उत्तरेस निघालो की उजवीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पुढे खाडी ओलांडून आम्ही वसईच्या भूमीत प्रवेश करतो. १५३४ च्या तहाने ही भूमी पोर्तुगीजांकडे गेली. येथील घट्ट काळा पाषाण मग समुद्रमार्गे गोव्यास गेला. सच्छिद्र जांभ्यावर नाजूक नक्षी उतरत नाही. म्हणून १६०५ साली अभिषिक्त झालेल्या बॉम जेझू मंदिराच्या जांभ्याच्या दर्शनी भागावरील कोरीवकाम वसईच्या पाषाणात घडले. माथ्यावर येशूसंघाची ‘आय.एच.एस.’ ही अक्षरे आहेत, दगड फोडणाऱ्याचे नाव नाही. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी त्या अनाम पाथरवटासाठीही एक प्रार्थना करावी.