६ डिसेंबर १९८३ : हेन्रीचा ग्रंथ मायदेशी

लंडनच्या सदबीज लिलावगृहात आजच्या दिवशी १९८३ मध्ये एक मध्ययुगीन हस्तलिखित ८१ लाख ४० हजार पौंडांना विकले गेले. जर्मनीतील हेल्मार्सहाउझेन मठातल्या हेरिमान या भिक्षूने बाराव्या शतकात ड्यूक हेन्री द लायनसाठी ही शुभवर्तमानांची प्रत सिद्ध केली. तिच्यात ५० पूर्णपृष्ठ चित्रे आहेत. एका चित्रात स्वर्गातून आलेले हात हेन्री व पत्नी मटिल्डा यांना मुकुट घालतात. ब्राउनश्वाइगच्या चर्चसाठी घडवलेला हा ग्रंथ पुढे प्रागला गेला. १८६१ मध्ये तो हॅनोवरचा राजा पाचवा जॉर्ज याने विकत घेतला. विसाव्या शतकात तो अनेक वर्षे दृष्टीआड होता. लिलावात जर्मन केंद्र सरकार, राज्ये व सांस्कृतिक प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन तो मिळवला. खासगी ठेवा जनतेचा झाला, हेच या खरेदीचे मोल. सध्या तो वोल्फेनब्यूटलच्या ग्रंथालयात आहे.