के-सिद्धांताच्या दोन दिशा

बहुपदी समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या आकारांचा अभ्यास म्हणजे बैजिक भूमिती. अशा आकाराच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश सुसंगतपणे बसविला, की 'सदिश-गुच्छ' तयार होतो. मोबियस पट्टीप्रमाणे या गुच्छात पीळही असू शकतो. १९५७ साली अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांनी गुच्छांच्या बेरजेला वजाबाकीची जोड देऊन एक गट रचला. मोजसंख्यांपासून पूर्णांक मिळवावेत तसाच हा प्रकार. 'वर्ग' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्यास 'के' हे नाव मिळाले.

या विषयाशी मुंबईचा संबंध जुना आहे. सपाट अवकाशावर पीळ असलेला गुच्छ असू शकतो काय, हा प्रश्न ज्याँ-पिएर सेर यांनी १९५५ साली उपस्थित केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ साली दोन चलांपुरते त्याचे नकारार्थी उत्तर सिद्ध केले. सर्व मितींसाठी तेच उत्तर डॅनियल क्विलेन आणि आंद्रेई सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे दिले, ते १९७६ साली. दरम्यान हायमन बास यांनी याच संस्थेत बैजिक के-सिद्धांतावर दिलेली व्याख्याने १९६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती.

खरी अडचण पुढेच आहे. एका आकाराकडून दुसऱ्याकडे जाणारे चित्रण असेल, तर गुच्छ उलट दिशेने, म्हणजे दुसऱ्यावरून पहिल्यावर, ओढून आणता येतात. 'कोहेरंट शीफ' या अधिक व्यापक रचना मात्र, चित्रण योग्य प्रकारचे असल्यास, सुलट दिशेने पुढे ढकलता येतात. असे शीफ एखाद्या बिंदूपुरतेही एकवटलेले असू शकते. गुळगुळीत आकारावर प्रत्येक शीफ गुच्छांच्या सान्त साखळीने मांडता येते. त्यामुळे दोन्ही हिशेब जुळतात. परंतु 'य वर्ग बरोबर क्ष घन' या वक्राचे टोक पाहा. त्या टोकावर एकवटलेल्या शीफची साखळी संपतच नाही. तेथे गुच्छांचा हिशेब निराळा आणि शीफांचा निराळा.

विल्यम फुल्टन आणि रॉबर्ट मॅकफर्सन यांनी १९८१ साली यावर जो तोडगा मांडला, त्याला 'बायव्हेरियंट' म्हणजे द्विदिश सिद्धांत म्हणतात. गट आकाराला न जोडता चित्रणाला जोडावा, ही त्यातील मूळ कल्पना. आणि ती फार समर्पक आहे. आकाराचे स्वतःवरचे तदेव चित्रण घेतले तर गुच्छांचा गट मिळतो, सारा आकार एका बिंदूवर नेणारे चित्रण घेतले तर शीफांचा. गुणाकार, पुढे ढकलणे व मागे ओढणे या तीन क्रियांनी हे गट परस्परांशी बांधले जातात. विश्लेषण शाखेत गेनाडी कास्पारोव्ह यांनीही त्याच सुमारास द्विदिश के-सिद्धांत उभारला. गिलेर्मो कोर्तिन्यास व आंद्रेआस टोम यांनी २००७ साली त्याचा बैजिक अवतार प्रसिद्ध केला.

टोके असलेल्या आकारांचा के-सिद्धांत मुंबईतही फुलला. अमलेंदू कृष्णा आणि व्ही. श्रीनिवास यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'नॉर्मल' पृष्ठभागांवरील बिंदूंच्या पूर्णांकी बेरजांचा हिशेब त्या पृष्ठभागाच्या गुळगुळीत केलेल्या रूपावरून कसा काढावा, याचे सूत्र सिद्ध केले. स्पेन्सर ब्लॉख व स्वतः श्रीनिवास यांनी ते आधी अनुमानरूपाने मांडले होते.